बाइंझूची रेघ

सास्सारीच्या दुकानात तसाच चाकू
काचेखाली, मखमलीवर, दीडपट भावाने;
सोबत डबी, पावती,
नावडल्यास पंधरा दिवसांत परत.

मी घाट चढून पट्टाडाला गेले.
बाइंझूने भाव सांगितलाच नाही.
"हात बघू," म्हणाला,
आणि माझी मूठ मेंढ्याच्या शिंगावर ठेवून
खिळ्याने रेघ ओढली.
"लोकर कातरायच्या दिवसांत ये."

गेले. भाता थंड.
दारावर काळी फीत.
झालेले चाकू पुतणीने एकगठ्ठा
त्या दुकानालाच घातलेले.
माझं शिंग तेवढं फळीवर, रेघेसकट.
"घेऊन जा."

मी एक नाणं पुढे केलं:
फुकटचा चाकू नातं तोडतो, म्हणतात तिथे.
ती हसली नाही.
"याला पातं कुठंय," म्हणाली,
"तोडायला?"