अर्धा कप

कोपनहेगनहून निघताना हातात एक जाड पुस्तिका दिली,
सपाट देशात बसून लिहिलेली.
ग्रेपफ्रूट खाऊ नका. कच्चं अंडं नको.
बागेत माती उकरताना हातमोजे घाला.
आमच्या क्लाक्सविकमध्ये बाग म्हणजे
दगडाच्या आडोशाला तग धरलेली रुबार्बची चार पानं,
आणि ग्रेपफ्रूट मी जन्मात दोनदा पाहिलंय.

पुस्तिकेत नव्हतं ते भावाचं खोपट.
फळ्यांच्या फटींतून समुद्रावरचा वारा आत येतो,
ऊन कुठलं इथं, आमचं वाळवण वाऱ्यावर.
ऑक्टोबरात टांगलेली मेंढराची तंगडी
नाताळ उलटेपर्यंत वाऱ्यानंच मुरते,
आग तिला ठाऊकच नसते.
आजे-पणजे त्यावर पोसले.
'हे खाऊ का?' एवढंच विचारायला
तीनदा फोन उचलला, तीनदा ठेवला.
नर्स चांगली होती हो,
पण तिला डॅनिशमध्ये आधी तो वास समजावावा लागला असता.

शेवटी रक्त काढणाऱ्या बाईनं,
तिकडची परवानगी घेऊन,
औषधाच्या खोक्यामागं नंबर लिहून दिला.
मार्यून. दक्षिण बेटावर बस चालवते.
यकृत. नऊ वर्षं.

"मांस ना?" ती हसली.
"सगळे आधी तेच विचारतात, मरणाचं नंतर.
मी नाही खात. तुझं तुझ्या डॉक्टरला विचार.
कागद घे, कसं विचारायचं ते सांगते."
आणि तिनं डॅनिशमधली तीन वाक्यं
अक्षर अक्षर सुटं करून घातली पदरात.

मग म्हणाली, "हात थरथरतो?"

मी गप्प.
तीस वर्षं जाळी विणली या हातांनी.
महिनाभर सुईत दोरा ओवताना
पाठ फिरवून बसत होतो,
आर्मगार्डला वाटायचं, रुसलोय.

"गोळ्यांनी होतं. ओसरतं बरंचसं. सगळं नाही.
रक्त तपासायच्या सकाळी गोळी खिशात ने, आधी गिळू नकोस.
उगाच चिडशील, बायकोला आत्ताच सांगून ठेव.
रात्री तीनला जाग आली तर फोन कर,
मी जागीच असते. म्हणजे नसते,
पण उठेन."

पुढच्या महिन्यात बोटीनं तिच्या घरी गेलो.
स्वयंपाकघरात चौघं. एवढ्या बेटांत एवढेच
सापडलो होतो एकमेकांना.
तिनं सगळ्यांना कॉफी ओतली, अर्धा अर्धा कप.
मला वाटलं, बाई चिक्कू आहे.
मग म्हाताऱ्या हानुसनं कप उचलला,
कप बशीवर टकटक वाजला,
आणि थेंब सांडला नाही.
कुणी वर पाहिलं नाही.
मी माझा उचलला.

ब्रांडुर एकोणीस वर्षांचा, त्याच्यात दुसऱ्याचं हृदय.
म्हणाला, "ज्याचं होतं त्याला पोहता येत असेल का?"
उत्तर कुणाकडंच नव्हतं. हानुसनं
बिस्किटांची बशी त्याच्याकडं सरकवली.

त्या घरच्यांना पत्र लिहिता येतं, मार्यूननं सांगितलं.
नाव घालायचं नाही, गाव घालायचं नाही.
मी अकरा कागद फाडले.
बाराव्यावर लिहिलं :
दर रविवारी तिला घेऊन घरामागचा डोंगर चढतो.
सपाट मुलखातली असेल तर दमत असेल बिचारी.
सांभाळून चढतो. मध्ये थांबतो.
डोंगराचं नावही लिहिलं होतं.
"ते खोडतील," मार्यून म्हणाली,
"चढ राहू देतील."

परवा भावाचा फोन आला.
यंदा किती तंगड्या टांगू, तुझी धरू का?
टांग, म्हटलं.
वासाला येईन.