साडेअकरा इंच

जुन्या बाजारात ऐंशी रुपयांना मिळाला हा ग्लोब.
रशिया अजून अख्खा आहे त्यात
आणि श्रीलंकेच्या जागी उंदरानं कुरतडलंय.
आधी त्याची कंबर घेतली. सवय.
पावणेअडतीस.
यासीन, तुझीही तेवढीच, जेवल्यावर.

मग रिळाचा पांढरा दोरा घेतला.
पुणं छापलेलंच नाही,
मुंबईच्या खाली जरा उजवीकडे
खडूनं ठिपका केला, त्यावर अंगठा दाबला.
दुसरं टोक कॅलगरीवर.
ताणलेला दोरा आपली वाट आपणच शोधतो,
हे शिंप्याला शिकवावं लागत नाही.
मला वाटलेलं, जाईल युरोपावरून, माणसांवरून.
तो थेट वर गेला,
बर्फातून, जिथे ग्लोबचा गंजका स्क्रू आहे
त्याला घासून
पलीकडे उतरला.
टेपवर धरला. साडेअकरा इंच.

काज-बटणाचा आदेश मोबाइलमध्ये डोकं घालून म्हणाला,
काका, बारा हजार दोनशे किलोमीटर.
विमानानं साडेतेरा तास,
नाकासमोर नेलं तर.

पण नेत नाहीत.
तुला आधी दिल्लीला नेलं, मग फ्रँकफर्टला,
उडणं एकवीस तास, खुर्चीत बसून राहणं अकरा.
साडेतेराच्या मापाला बत्तीसचं कापड!
असा शर्ट आपण दिला असता
तर गिऱ्हाइकानं तोंडावर मारला असता.

मंगळवारी रात्री नऊला लोहगावातून उडालास.
पट्टा काढायला लावला म्हणालास,
एका हातानं पँट धरून उभा होतो सगळ्यांसमोर.
ती पँट मी शिवलेली.
कंबरेत अर्धा इंच सैल गेली, कबूल.

तुझा फोन आला तेव्हा इथे गुरुवार, पहाटेचे पाच,
रामोशी गेटला दुधाचे क्रेट आपटत होते.
तू म्हणालास, पोचलो, बुधवार आहे,
साडेपाच वाजलेत संध्याकाळचे, ऊन आहे चांगलं.
मी बोटांवर मोजलं.
बत्तीस तासांचा प्रवास, घड्याळात भरला साडेवीस.
मधले साडेअकरा तास कुठे सांडले?
पुन्हा साडेअकरा.
खोटं नाही सांगत,
त्या दिवशी चिंध्यांचं पोतं झटकताना
मी जरा बघूनच झटकलं.

पाटीवर अजून हेंद्रे आणि मोमीन.
तुझं मशीन कोंढव्याची एक बाई घेऊन गेली,
घासाघीस न करता, म्हणून मलाच वाईट वाटलं.
फरशीवर पायांचे चार खळगे राहिलेत.
चौतीस वर्षं तुझं कोपर माझ्या कोपराला लागायचं,
तू सरक म्हणायचास, मी सरकत नव्हतो.
काल आदेश चहा आणायला गेला तेव्हा
गुडघे मोडून खाली बसलो,
माझ्या मशीनच्या पायापासून तुझ्या खळग्यापर्यंत
टेप लावला.
मनात पक्कं होतं, हेही साडेअकराच निघणार.

चौदा.
पुन्हा लावला. चौदाच.

म्हणजे ग्लोबवर तू
अडीच इंच जवळ आहेस.

चहा आला. आदेशला काही सांगितलं नाही.
ग्लोब कपाटावर ठेवलाय, कटिंगच्या टेबलावर जागा कुठे आहे.
दोरा स्क्रूला अडकलाय अजून,
तोडायचा राहिला.