येणे बाकी

डुलुथला नोव्हेंबरात चार वाजताच दिवे लावावे लागतात.
दोरखंड विकणाऱ्या जुन्या दुकानाच्या माथ्यावर
तीन जिने चढून गेले मी,
काखेत लॅपटॉप, पायांत बर्फाचे बूट.
‘साहसी मंडळ, स्थापना १९०८.’
बंद करायचंय, म्हणाला वकील,
सभासद उरलेत सहा,
त्यातले दोघे ऑक्सिजनवर.

भिंतीला वॉलरसचा सुळा, मोडकी स्लेज,
आणि कुठून आणला हे आता कुणालाच न आठवणारा
एक दगड, काचेच्या पेटीत.
मला इतिहास कळत नाही. वह्या कळतात.

पहिली निघाली दंडाची.
‘मी मरता मरता वाचलो’ हे एका संध्याकाळी
दुसऱ्यांदा म्हटल्यास: पंचवीस सेंट.
नकाशा उलटा धरल्यास: दहा.
अस्वल मागच्या वेळेपेक्षा मोठं निघाल्यास:
इंचाला एक सेंट.
सायरस बेलोज या गृहस्थांचं अस्वल
आठ वर्षांत अकरा डॉलरनी वाढलं.
मी भागाकार केला. जवळजवळ ब्याण्णव फूट.
हसले, एकटीच. रेडिएटर खोकला.

मग वर्गणीची खतावणी.
युद्ध आलं की नावं विरळ होतात.
मंदीत कुणी पैशांऐवजी मासे भरतो
आणि तेही जमेला, वजनासकट.
बाईमाणसानं कोटखोलीपलीकडे पाऊल टाकायचं नाही
हा ठराव दर तीन वर्षांनी पुन्हा मंजूर,
थेट १९७९ पर्यंत,
जणू कुणीतरी ते दार सारखं ढकलतच होतं.

आणि पान सत्तेचाळीस.
टोरवाल्ड ग्रिमस्टाड, सुतार.
९ नोव्हेंबर १९२६. स्वतः बांधलेली होडी,
एकटा, सरोवराच्या पलीकडच्या काठाला.
शेरा एवढाच: वारा ईशान्येचा.

पुढे पान कोरं असायला हवं होतं.
१९२७, वर्गणी चार डॉलर, जमा.
१९२८, जमा.
बँका बुडाल्या त्या साली, चिल्लर नाण्यांत, जमा.
चाराचे सहा झाले, पंधरा झाले, साठ झाले,
शंभरी ओलांडली तरी ग्रिमस्टाड
एकदाही थकला नाही.

पावत्यांची चळत सोडली. भरणाऱ्याची सही:
आयनो काँगास, कोटखोली.
एकसष्ट साली अक्षर बदलतं, शाई निळी होते,
आडनाव तेच.
शेवटची पावती गेल्या वर्षीची.

मी खाली जाऊन कोटखोली पाहिली.
एकोणिसाव्या खुंटीवर काही नव्हतं.
पण तिच्याखाली भिंतीचा हिरवा रंग
एका कोटाएवढाच अजून ताजा होता.

वकिलाला शुक्रवारी ताळेबंद हवा.
यंदाचे साठ डॉलर. पडद्यावरचा रकाना विचारतो:
बुडीत धरायचे का?
बार्शीच्या अडत दुकानात आबांच्या मांडीला मांडी लावून
मी हिशोब शिकले. ते म्हणायचे,
गिऱ्हाईक दिसेनासं झालं तरी खातं मोडायचं नाही,
दोन शब्द लिहायचे आणि पान उलटायचं.

लॅपटॉपला ते शब्द येत नाहीत.
मी जुन्या वहीत, पान सत्तेचाळीसच्या तळाशी,
पेननं लिहिलं, आमच्या अक्षरात:
येणे बाकी.

खाली बंदराचा पूल भोंगा देत वर चढत होता.
जहाज काही दिसत नव्हतं.