कांद्यासकट

तू म्हणालास, नदीकाठी एक बरी जागा आहे,
मेणबत्त्या वगैरे असलेली.
मी म्हटलं, नको ग्लेन. चिली खाऊ.

सिनसिनाटीत जानेवारीत
साडेपाचलाच दिवस शटर ओढून घेतो.
मीठ पसरत जाणारी गाडी पुढे, मागे मी,
तू तुझ्या गाडीतून, दुसऱ्या रस्त्याने.

दाराची काच वाफेने आंधळी,
नारिंगी बाकाला चिकटपट्टीचं तेच ठिगळ,
भावफलकावरचं एक अक्षर
आपल्या लग्नाआधी गळून पडलंय
आणि कुणाचं काही अडलेलं नाही.
अंडाकृती ताटल्या. गळ्यात बांधायचं कागदी लाळेरं.
गल्ल्याशेजारी पेपरमिंटची बरणी,
आणि गल्ल्यामागे टासोसचे आजोबा, फ्रेममध्ये,
ग्रीसच्या कुठल्याशा डोंगरातून इथे आलेले.
टासोस सांगतो, आईच्या हातचं कालवण
आठवून आठवून करायला गेले आणि चुकले.
ती चूक साऱ्या आळीने पोटाशी धरली.

बाहेरगावचे हसतात आपल्याला.
स्पॅगेटीवर चिली? चिलीत दालचिनी?
वर हा चीजचा ढिगारा, पिवळा, केसासारखा बारीक?
हसू देत.
काट्याला गुंडाळायचं नसतं हे,
काट्याच्या कडेने कापायचं, सरळ खाली,
पाचही थर एका घासात आले पाहिजेत,
हे तूच शिकवलंस मला,
मी नदीपलीकडची, केंटकीची पोर होते तेव्हा.

त्या पहिल्या रात्री
तू म्हणालास, कांदा नको,
आणि मीही घाईघाईने, मलाही नको,
आणि विल्मा वहीमागे तोंड लपवून हसली होती.
तिला कळलं होतं ते आपल्याला
पार्किंगमध्ये पोचल्यावर कळलं.

मग बावीस वर्षं फाइव्ह-वे.
बीन्स, कांदा, सगळं.
टेस उंच खुर्चीत क्रॅकर फेकायची,
तू त्याला काट्याने भोक पाडून
तिखट सॉसचा थेंब भरायचास, डॉक्टरसारखा.
कोण कुणाच्या तोंडाचा वास बघत होतं तेव्हा.

आज विल्मा आली. चौऱ्याहत्तरची असेल.
गुडघा धरत, पेन्सिल कानावर.
किती दिवसांनी, एवढंच म्हणाली,
आणि उत्तराची वाट न बघता पाणी ओतलं.

फोर-वे, तू म्हणालास, बीन्स घाल.
आणि मग टेबलाकडे बघत, हळू,
कांदा नको.

बाई गं.
माझ्या कानाशेजारी बावीस वर्षं घोरलेला माणूस
माझ्यासमोर तोंडाचा वास जपून बसला होता
पाहुण्यासारखा. इस्त्रीचा शर्ट,
कॉलरमागे किमतीची चिठ्ठी तशीच.

सहा महिने आपण दोघांनी
नाकानेच तर कांदे सोलले, ग्लेन.
फोनवर सोलले, वकिलाच्या दारातल्या बाकावर सोलले,
टेसच्या पदवीदान समारंभात
मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून
त्या खुर्चीवर सालांचा ढीग घातला.
डोळ्यांतून पाणी मात्र
एकाच्याही आलं नाही.

विल्मा, मी म्हटलं, मला फाइव्ह-वे.
आणि याचा कांदाही माझ्यातच टाक.

तू वर बघितलंस.
माफी नव्हती ती, लगेच खूश होऊ नकोस.
पण समोरचा कच्चा, पांढरा, करकरीत ढीग
मी एकटी खाईना, तेव्हा
तुझा काटा टेबल ओलांडून आला,
विचारल्याशिवाय, जुन्या सवयीने,
आणि मी ताटली
दोन बोटं पुढे सरकवली.

विल्माने बिल एकच ठेवलं, बरोबर मधोमध.
टासोसकडे कार्ड चालत नाही.
तुझ्याकडे सुट्टे नव्हते, माझ्याकडे होते.

बाहेर दोन गाड्या, दोन्हींवर बर्फाचा पापुद्रा.
तू आधी माझी काच खरवडलीस.
माझी पूर्ण झाली तरी
कोपऱ्यातला एक ठिपका उगाच घासत राहिलास.
मी थंडीत उभी,
तोंडातून वाफ, वाफेत कांदा,
आणि म्हटलं, चिठ्ठी काढू का कॉलरची?
खाली वाक.