गाणारो खंय गेलो?

पिदादबाय तिच्याने लोणच्याची बरणी झाकायची.
काळी, गोल. मधल्या भोकात मेणाचा बोळा,
मुंगी आत जाऊ नये म्हणून.
उभादांड्याला इनासचं होडीचं इंजिन बघायला गेलो होतो,
काम झालं, आणि बिलाऐवजी
झाकण मागितलं.
"माका बरणयेर घालूक कायतरी हाडून दी," ती म्हणाली.
दिली. स्टीलची ताटली, नाव घालून.

इनास तरुणपणी बोटीवर होता.
दर बंदरातून साबण आणायचा, नायलॉनची साडी,
आणि दुकानाच्या दारातल्या टोपलीतली
सगळ्यात स्वस्त तबकडी, जी कुणी उचललीच नव्हती.
त्याला ऐकायला वेळ झाला नाही.
आता त्याला ऐकूच येत नाही.

रिठ्याच्या पाण्यात धुतली. फोडणीचं तेल सुटलं,
बुरशी सुटली, हळद नाही सुटली.
लेबल कसरीने माझ्याआधी वाचून संपवलेलं,
बँडच्या नावातली शेवटची दोन अक्षरं तेवढी
उष्टी ठेवलेली.
मी त्यांना "उरलेले" म्हणतो.
उरलेल्यांची दुसरी तबकडी मिळाली नाही अजून.
बांद्याचे, कुडाळचे, पार निपाणीपर्यंतचे भंगारवाले
मला लांबून ओळखतात: आला, तो शब्द नको असलेला.

शब्द नकोच.
वडील दशावतारात पखवाजावर होते.
रात्रभर राजे बोलायचे, राक्षस बोलायचे,
सकाळी गाव राजाला चहा पाजायचं.
वडील पखवाजाची कणीक खरवडत
माटवाच्या खांबाला टेकून बसलेले.
म्हणून मी एक्केचाळीस तबकड्या जमवल्या,
ज्यांच्यात राजाच नाही.

ही पोरं चार असावीत.
दोन गिटारी, एक ड्रम, एक पेटीसारखं काहीतरी, दमेकरी.
ड्रमवाला अर्धं पाऊल पुढे धावतो,
जसं कुणाच्या तरी बापाला संध्याकाळी
गाडी आत लावायची आहे.
बरणीच्या काठाचा चरा आडवा गेलाय,
एका फेऱ्यात दोनदा टक्.
आता त्या टक्‌शिवाय ताल उघडा वाटतो मला.

लेबलच्या कडेला, जिथे सुई उगीच फिरत राहते,
तिथे कुणीतरी टोकदार कशाने कोरलंय:
एक आकडा, आणि शेजारी मासा.
नवाबागच्या लिलावात रोज इतके मासे बघतो,
हा कुठला ते सांगता येत नाही.

बाबल स्पार्क प्लग पुसता पुसता विचारतो,
"भाई, गाणारो खंय गेलो?"
इलोच नाय, मी म्हणतो.
"मगे वाजयतत कोणासाठी?"
व्होल्टेज उतरतं. सूर गाळात रुतल्यासारखा जड होतो,
गिटार म्हशीसारखी हंबरते,
पुन्हा वर येतो, खाकरून, काही झालंच नाही अशा थाटात.
बाबलला उत्तर द्यायचं राहून जातं.

पुण्याच्या एकाने फोन केला होता,
जुन्या स्कूटरची किंमत देतो म्हणाला,
चरा नसता तर दुप्पट.
मी म्हटलं, बघू. बघितलं नाही.

कारण दुसऱ्या बाजूच्या शेवटी,
शेवटची तार विझायच्या आत, बाहेर रस्त्यावर
कुणीतरी मोटारसायकलला किक मारतं.
एक.
दोन.
तिसऱ्या किकेला खोकते, धरत नाही.
त्यांनी ते कापलं नाही. फीत महाग असेल,
किंवा कुणी तिकडे लक्षच दिलं नसेल.
मी दर वेळी दिवा बारीक करतो,
पाना खाली ठेवतो, कान जाळीला लावतो.
कार्बोरेटरमध्ये कचरा आहे रे, पोरांनो.
जेट काढा, फुंकर मारा.
दहा मिनिटांचं काम आहे.