उणे एकतीस

रिस्तेनच्या कॅमेऱ्यात
चार रेघा, मग तीन, मग एकदम एकच,
मग काळा पडदा.
काउतोकेइनोच्या पठारावर
रेनडिअरच्या कानखुणा
अजून अर्ध्याच टिपून झाल्यात.

ती शिवी देत नाही.
हातमोजा दातांत धरून
बॅटरी काढते, काखेत ठेवते.
मे महिन्यात ओलं पाडस
तिथंच धरलं होतं.
ते काही जगलं नाही.

निल्लास म्हणतो, नवी घे आता.
"मेली नाहीये रे, गारठलीय."
एवढंच.
मग दोघं उभी, स्कूटरला टेकून,
थर्मासातली कॉफी एकाच झाकणातून,
वाफ कुणाची कुठली कळत नाही.

दहा मिनिटांनी
एक रेघ.
तेवढ्यात वारा फिरला,
कळपानं तोंडं वळवली.
तिला दिसल्या
नुसत्या पांढऱ्या शेपट्या.
त्याही टिपल्या.