घट

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
मिरजेहून आमची गाडी निघते.
मागच्या काचेवर देणगीदारांच्या आईचं नाव,
खाली तिच्या जन्ममृत्यूच्या तारखा,
त्याखाली धुळीत कुणीतरी बोटानं काढलेलं मांजर.
ते मी पुसत नाही.

हरिपूरच्या अलीकडे वृद्धाश्रम.
आम्ही पोचतो तेव्हा व्हरांड्यातला बाक भरलेला असतो.
जुलेखाबी गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजून आणते,
घेतल्याचा पुरावा म्हणून.
बायनाक्का साखर तपासायला करंगळी पुढे करते,
"हिला टोच, ही तशीही कामाची नाही."
सोनटक्के मास्तरांना रक्तदाब सांगितला
की विचारतात, "कितीपैकी?"

आणि अण्णाप्पा मगदूम.
चाळीस वर्षं सांगलीच्या यार्डात तोलाईदार,
अजून नखांच्या कडा पिवळ्या,
की मलाच तसं वाटतं.

जूनमध्ये एक्कावन्न किलो.
ऑगस्टला अठ्ठेचाळीस.
दसऱ्याच्या आधी पंचेचाळीस.
"पोरी, तुझा काटा मारतोय," तो म्हणाला.
"धर्माचा असला म्हणून काय झालं,
धर्माच्या काट्यालाही शिक्का लागतो."
मी हसले.
हसायला नको होतं.

या मंगळवारी त्यानं खाटेखालून
टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी ओढून आणलं.
पाच किलोचं लोखंडी वजन.
दोन्ही हातांनी, वाटेत दोनदा टेकवून.
मी पुढे झाले तर म्हणाला, "सर. हे माझं काम."

काट्यावर वजन ठेवलं. पाच.
उचललं, कोपऱ्यात ठेवलं. पाच.
दुसऱ्या कोपऱ्यात. पाच.
बाकावर कुणी खोकलंसुद्धा नाही.
मग त्यानं चपला काढल्या,
किल्ली, चष्मा, अडकित्ता
बायनाक्काच्या ओटीत टाकला
आणि चढला.

त्रेचाळीस दोनशे.

तो बराच वेळ उतरला नाही.
"काटा खरा आहे," म्हणाला. "लिही."

मी लिहिलं. आकडा वहीत वाकडा आला.

"ओली हळद शिजवून वाळवली
की पाच पोत्यांचं एक होतं," तो सांगत होता,
मला नाही, जुलेखाबीला.
"त्याला घट म्हणतात. घटीवरून कुणी भांडत नाही.
फक्त हळकुंड मोडून बघायचं,
आतून किडलंय का."
मग माझ्याकडे वळून,
"तर आता मला कुठं मोडून बघणार?"

डॉक्टरांनी मिरजेची चिठ्ठी लिहिली.
पाच हजारांपर्यंतच्या तपासण्या मंजूर,
त्यापुढचं समिती ठरवते,
समिती वीस तारखेला बसते,
आणि देणगीदारांना फोटो लागतो.
"फोटो काट्यावरचा नको," अण्णाप्पा म्हणाला,
"तोलताना तोलाईदाराचा फोटो काढत नाहीत."
काढतात की नाही, मला माहीत नाही.
मी मोबाईल पर्समध्ये ठेवला.

अर्ज भरायला घेतला.
लाभार्थी क्रमांक: एक.
त्यानं चष्मा परत मागून घेतला, ओळीवर बोट ठेवलं.
"पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत गं.
लाभ म्हणायचं. लाभ, मग दोन, मग तीन.
तुमच्या साहेबांना कुणी शिकवलं नाही?"
मी एक खोडला.
वर लिहिलं, लाभ.
समितीत कुणीतरी विचारेलच.

निघताना ते वजन त्यानं गाडीत ठेवायला लावलं.
"दर खेपेला काट्याला दाखवत जा.
माझ्यावेळी नव्हे, सगळ्यांच्या आधी."

परतीच्या वाटेवर
औषधांचे खोके रिकामे, हलके, उडत होते.
ते मात्र प्रत्येक वळणाला
सीटखाली जड आवाज करत सरकायचं,
आणि ड्रायव्हर सुभान दर वेळी विचारायचा,
"मॅडम, मागं कोण आहे?"